तुमच्या बंधूंचा मनोरा

भावजींना,

वयाने तुम्ही माझ्याहून दोन वर्षांनी मोठे आणि नात्याने मी मोठी, त्यामुळे पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहावा की आशीर्वाद, हा घोळ माझ्या डोक्यात लग्न झाल्यापासून आहे. (एवढ्या वर्षांत तुम्हाला एकही पत्र गेलं नाही, त्याचं कारण हेच, असं धरून चाला.) या खेपेला दोन्ही पाठवते आहे. जे अंगाला बसेल ते ठेवा, जे सैल होईल ते परत करा. तुमचे गुडघे कसे आहेत? जिने चढताना अजून कठड्याशी बोलता का? जाऊबाईंच्या तब्येतीचं मी पुढे विचारणार आहे, त्याला जरा ऐसपैस जागा लागेल.

आमच्याकडे सगळं ठीक आहे. म्हणजे मागच्या अंगणात साठ फुटी लोखंडी मनोरा निम्मा उभा आणि निम्मा आडवा आहे, आडव्या भागात बेकरीच्या मांजरीने पिल्लं घातली आहेत, दातांचे डॉक्टर आम्हाला बघून रस्ता ओलांडतात, आणि माझ्या कापड बेतायच्या टेबलावर गेले आठ महिने कापड सोडून सगळं पसरलेलं आहे. एवढं वगळलं तर ठीकच म्हणायचं.

तुमचे बंधू निवृत्त झाले तेव्हा मी मनाची तयारी केली होती. पस्तीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात बसून ज्यांनी जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढले, ते घरी आल्यावर काय काढतील याची मला धास्तीच होती. पहिला महिना त्यांनी झोप काढली, दुसरा महिना माझ्या चुका काढल्या, आणि तिसऱ्या महिन्यात कपाटावरून तो जुना रेडिओचा संच काढला. त्या मोर्सच्या कट्ट-कडकट्टचं तुम्हाला मी काय सांगायचं, लहानपणी एका खोलीत तुम्हीच तर ते सोसलंय. संचापर्यंत माझी काही तक्रार नव्हती. माणूस कोपऱ्यात बसून जगाच्या पलीकडच्या कुणाशी टिकटिक करत असेल तर तेवढा वेळ तो माझ्या शिलाईत नाक खुपसत नाही, हा सरळ हिशेब. पण एके दिवशी शाळेच्या पंचेचाळीस गणवेशांची कापणी चालू असताना हे माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "टेबल रिकामं कर. आपण मनोरा उभारतोय."

आता तो मनोरा म्हणजे काय ते तुम्हाला समजावते. मला समजायला तीन आठवडे लागले, तुम्हाला एका परिच्छेदात मिळतंय. साठ फुटांचा एक लोखंडी मनोरा. त्याच्या डोक्यावरून चार दिशांना चार तारा खाली तिरक्या येणार, तंबूच्या दोऱ्यांसारख्या. एकेक तार सहासष्ट फूट. तारेचं खालचं टोक दोरीने कुठेतरी उंचावर बांधायचं, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्याला लागणार नाही. संचाजवळ एक बटण. बटण फिरवलं की चारांतली एक तार बोलते, आणि उरलेल्या तिघी तिच्या पाठीशी उभ्या राहून तिचा आवाज पुढे ढकलतात. बटण पुन्हा फिरवलं की दुसरीची पाळी. ऐकतानाही तसंच, ज्या दिशेचं ऐकायचं तिकडेच कान, बाकीच्या दिशांचा गलबला मागे. (आपल्या कुटुंबात असं एक बटण असतं तर, असा विचार माझ्या मनात आला होता. तुमच्याही आत्ता आला असणार.)

कल्पना वाईट नव्हती, पण तुमचे बंधू कल्पना साधी ठेवतील तर ते तुमचे बंधू कसले! नकाशा क्रमांक एक ते नकाशा क्रमांक एकवीस, प्रत्येकाच्या तीन प्रती. एकात वारा कुठून येतो, एकात सावली कुठे पडते, एकात पायाचा खड्डा. नकाशा क्रमांक अकरामध्ये मी स्वतः आहे. स्वयंपाकघराच्या दाराशी एक बारकं वर्तुळ, आणि त्याच्या शेजारी सुबक अक्षरात लिहिलंय, 'अडथळा (हलता)'. मी तो नकाशा फ्रेम करून शिवणकामाच्या खोलीत लावला आहे. गिऱ्हाईक विचारतं तेव्हा खरं सांगते.

मनोऱ्याचे सहा तुकडे एका बंद पडलेल्या कारखान्यातून ट्रकने आले. ट्रक गल्लीत वळेना, म्हणून बेकरीवाल्याने आणि त्याच्या माणसांनी ते खांद्यावरून आणले. तुमचे बंधू हातात नकाशा घेऊन पुढे चालत होते. लांबून बघणाऱ्याला वाटलं असेल की काहीतरी गंभीर प्रसंग आहे, आणि दोन माणसांनी खरंच टोप्या काढल्या.

तारा कापायच्या दिवशी आमचं पहिलं वाजलं. यांनी आकडेमोड करून लांबी काढली, मिलिमीटरपर्यंत, आणि माझीच कात्री घेऊन (कापडाची कात्री, भावजी! तांब्याच्या तारेवर!) अगदी त्या आकड्यावर पहिली तार कापली. मी विचारलं, टोकाला कडीतून ओवून दुमडणार आहात ना? दुमडलेला भाग कुठून आणणार? तर काही उत्तरच नाही. पुन्हा विचारलं. तरी नाही. तार दुमडली, बांधली, मोजली, तर दोन्ही टोकांना वीतभर कमी. मग माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मीच ती रात्रीतून कुरतडली. आमच्या धंद्यात शिकाऊ मुलीला पहिल्या दिवशी सांगतात की कापडात माया सोड. शिवणीत थोडं जास्तीचं दुमडून ठेवलं की पुढे माणूस जाड झाला, बारीक झाला, तरी कपडा जुळवून घेता येतो. ज्याला माया सोडता येत नाही त्याला मापं पाठ असून उपयोग नाही. उरलेल्या तारा मी कापल्या. हातभर माया सोडून. मग त्या हळूहळू छाटत छाटत बरोबर आणल्या, आणि यांनी नकाशा क्रमांक चौदावर 'माया : एक हात' अशी नोंद केली. माझं नाव मात्र कुठे नाही.

मला राग आला होता तो तारेचा नव्हे. मी दोनदा विचारलं आणि या माणसाला उत्तर द्यावंसं वाटलं नाही, त्याचा. हे गेली दोन वर्षं चाललं होतं. मी बोलायची, हे दुसरीकडे बघायचे. मी चहाचं विचारायची, हे पावसाचं सांगायचे. निवृत्तीचा मान डोक्यात गेला, असं मी ठरवून टाकलं होतं.

चार टोकांपैकी दोन आमच्याच आवारात बसत होती. तिसरं बेकरीच्या धुराड्याच्या भिंतीवर, चौथं दातांच्या डॉक्टरांच्या गच्चीच्या कठड्यावर. परवानगी मागायला हे स्वतः गेले. बेकरीवाल्याने विचारलं, "कधी बांधणार?" हे म्हणाले, "साठ फूट." त्याला वाटलं साहेब विनोदी आहेत, त्याने हो म्हटलं. डॉक्टरांकडून आले ते तर खुशीत शीळ घालत. दुसऱ्या दिवशी हातोडी, छिन्नी आणि वीतभर लांबीचा आकडा घेऊन त्यांच्या गच्चीवर चढले. त्याच वेळी बरोबर खाली खुर्चीत एक गृहस्थ तोंड उघडून बसले होते आणि डॉक्टरांनी नुकताच चिमटा लावला होता. वरून पहिला घाव पडला. दुसऱ्या घावाला छताचा पोपडा ट्रेमध्ये पडला. तिसऱ्या घावाला ते गृहस्थ तोंडात कापूस आणि गळ्यात डॉक्टरांचा रुमाल अशा अवस्थेत रस्त्यावर. दाढ जिथल्या तिथे. ते अजून परत आलेले नाहीत, रुमालही नाही.

डॉक्टर तडक माझ्या दारात. म्हणाले, मी यांना स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं, 'कठड्याला खिळा ठोकू नका.' हे छातीवर हात ठेवून म्हणाले, त्यांनी मला स्वच्छ शब्दांत सांगितलं, 'कठड्याला खिळा ठोकून टाका.' दोघंही खरं बोलत होते, हे मला आज कळतं. त्या दिवशी मी डॉक्टरांची माफी मागितली आणि यांच्याशी नऊ दिवस अबोला धरला.

आणि मग तुकडे चढवायचा दिवस आला. यासाठी एक माणूस मिळाला होता, उंच खांबांवर कामं करणारा. त्याला सगळे घार म्हणतात. वरच्या टोकाशी कप्पी बांधून, दोरीने एकेक तुकडा वर ओढायचा आणि घारीने तो खालच्यावर बसवून बोल्ट आवळायचे, असं काम. दोरीच्या टोकाला तुमचे बंधू, कारण नकाशा त्यांचा. बाजूच्या दोरीला बेकरीवाला. मी लांब उभी, नकाशातल्या वर्तुळाप्रमाणे. तीन तुकडे सुरळीत चढले. चौथा तीस फुटांच्या वर गेला, जागेवर आला, आणि घारीने तो बसवायला हात आत घातला. तुकड्याचे पाय खालच्याला जुळेनात. त्याने वरून ओरडून सांगितलं, "सोडा!"

यांनी ओढलं.

"सोडा, सोडा!" यांनी आणखी जोर लावला. चेहऱ्यावर अशी उमेद, भावजी, की मी एवढी मेहनत करतोय आणि वरचा माणूस मला शाबासकी देतोय. तुकडा तिरपा होऊन वर घासायला लागला, घारीचा पंजा लोखंड आणि लोखंडामध्ये. त्याने गळ्यातली शिट्टी तोंडात धरली आणि जी फुंकली ती अशी की बेकरीवाल्याने खांद्यात कान खुपसले, गल्लीतली कुत्री उठून बसली, डॉक्टर खिडकीत आले. आणि शिट्टीपासून तीस फुटांवर तुमचे बंधू शांतपणे कप्पीकडे बघत ओढतच होते. तेव्हा मी धावले. त्यांच्या मनगटावर दोन्ही हात ठेवले आणि खाली दाबले. त्यांनी दचकून माझ्याकडे पाहिलं. दोरी सैल झाली, वरून घारीने हात काढून घेतला. हातमोजा फाटला, बोटं वाचली.

तुकडा कसाबसा खाली उतरवला. घार उतरला, पायरीवर बसला, पाणी प्यायला. मला वाटलं आता हा शिव्या देणार, आणि त्याने त्या द्यायला हव्याच होत्या. पण तो हळू आवाजात एवढंच म्हणाला, "बाई, साहेबांना ऐकू येत नाही. तुम्हाला ठाऊक असेलच."

नव्हतं ठाऊक. त्याच सकाळी भेटलेल्या माणसाला कळलं आणि एका ताटात जेवणाऱ्या मला कळलं नाही. त्या दिवसापासून मी दोन वर्षं उसवते आहे. कुठे कुठे मी काय बोलले आणि यांनी काय केलं, ते सगळं उलट्या बाजूने बघते आहे. प्रत्येक ठिकाणी मी 'अहंकार' असं लेबल लावून ठेवलं होतं, आणि आतून निघतंय भलतंच. त्यातल्या त्यात जिव्हारी लागली ती एक गोष्ट. या दोन वर्षांत मी किमान सहा वेळा अबोला धरला. एकदा तर अकरा दिवस. फार कष्टाने पाळलेले अबोले होते ते. त्यांतला एकही यांच्या लक्षात आलेला नाही. विचारलं तेव्हा म्हणाले, "मला वाटलं, तू हल्ली शांत झालीस."

कानांच्या डॉक्टरांकडे हे येणार नाहीत हे माहीत होतं, म्हणून माझाच कान दुखतो असं सांगून घेऊन गेले. (पंधरा दिवस रोज कान धरून हिंडले. शेवटी खरंच दुखायला लागला.) डॉक्टर शहाणे निघाले, म्हणाले, आलाच आहात तर दोघांचेही तपासू. तपासणीत कळलं ते असं की यांना जाड आवाज सगळे ऐकू येतात, बारीक आवाज गेलेत. स, श, त, क, फ, शिट्टी, पाखरं, सगळं गेलं. 'सोडा'तला स यांच्यापर्यंत पोचतच नाही. मागे उरतं ते 'ओढा'. डोकं मग आपल्या सोयीचं भरून घेतं. आणि तुमच्या बंधूंच्या डोक्याला 'नका'पेक्षा 'टाका' नेहमीच सोयीचं वाटणार, हे तुम्ही जाणताच. यंत्र लावा, डॉक्टर म्हणाले. हे म्हणाले, "मला हवं तेवढं ऐकू येतं," आणि उठले.

मी भांडणार होते, तयारी करून ठेवली होती. पण त्याच संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला हे संचाशी बसले होते आणि भराभर कागदावर अक्षरं उतरवत होते. मी मागे जाऊन उभी राहिले. त्यांनी हेडफोनचा एक कर्णा काढून माझ्या कानाला लावला. आत नुसता सों सों आवाज, पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा. मी म्हटलं, काही नाही यात. त्यांनी बोट वर केलं, थांब म्हणून. पुष्कळ वेळाने त्या वाळूच्या तळाशी काहीतरी जाणवलं, एक जाडसर टिकटिक, इतकी क्षीण की मी श्वास घेतला की हरवायची. हे ती वाचत होते. आपण पाटी वाचतो तशी. पलीकडचा माणूस एका बेटावर दिव्याची राखण करतो, त्याच्याकडे तीन दिवस वादळ आहे, आणि त्याने आज दाढी केली, एवढं सगळं कागदावर होतं.

मग ते आपणहून बोलले. कागदाकडे बघत. "माणसांचं बोलणं मला आता नकाशाच्या नकलेच्या नकलेसारखं येतं. रेघा दिसतात, आकडे लागत नाहीत. मी हो म्हणतो आणि बघतो काय होतंय ते. इथे मात्र अजून सगळं लागतं. म्हणून म्हटलं, जे उरलंय ते तरी मोठं करून घ्यावं."

मी त्यांना घराण्यातला सगळ्यात अहंकारी माणूस समजत होते, आणि ते दोन वर्षं घरातल्या घरात चाचपडत हो म्हणत फिरत होते. बोलून उपयोग नव्हता, मी त्यांच्या पाठीमागे उभी होते. खांद्यावर हात ठेवला, तेवढं पोचलं.

आता भावजी, तुमच्याकडे येते. जानेवारीत तुमचा फोन आला होता. मी मशीनवर होते, मला इकडचीच बाजू ऐकू आली. हे आनंदाने म्हणाले, "वा! बरं झालं! उशिरा का होईना, अक्कल आली म्हणायची!" आणि थोड्या वेळाने फोन ठेवून मला म्हणाले, धाकट्याच्या बायकोने हट्ट सोडला. मी विचारलं, कसला हट्ट? म्हणाले, ते विचारायचं राहिलं. मला ते विचित्र वाटलं, पण हातात अकरा पडदे होते, मी विसरले. मागच्या आठवड्यात जाऊबाईंचं पत्र आलं आणि मी जागच्या जागी बसले. तुम्ही सांगितलं होतं, "हिचा हात मोडला." यांना ऐकू आलं, "हिनं हट्ट सोडला." आणि सख्ख्या मोठ्या भावाकडून त्यावर 'बरं झालं' ऐकल्यावर तुम्ही म्हणालात, "दादा, यापुढे मी फोन करणार नाही." तुमच्या जागी मी असते तर याहून वाईट बोलले असते.

पण त्यांना ते कसं ऐकू आलं ते सांगते. तुमचं वाक्य पुरं व्हायच्या आत ते समाधानाने फोन खाली ठेवत होते. 'नाही' त्यांच्यापर्यंत गेलंच नाही. ते मला म्हणाले होते, यापुढे धाकटा स्वतःच फोन करणार आहे, आपण करायचा नाही, त्याला राग येईल. तेव्हापासून दर रविवारी सकाळी दाढी करून ते फोनच्या खुर्चीवर बसतात. अकरा वाजले की उठतात. "कामात असेल," म्हणतात. मी अजून त्यांना जाऊबाईंच्या हाताचं सांगितलेलं नाही. सांगायला मला मोठ्याने ओरडावं लागेल, आणि ही गोष्ट ओरडून सांगायची नाही. आपण त्या दिवशी काय बोलून गेलो हे कळल्यावर त्यांचा चेहरा कसा होईल, ते बघायचं धैर्यही माझ्यात नाही. फोनने बिघडलं म्हणून पत्राने सांगते आहे. तेही फक्त तुम्हाला.

उरलेले तीन तुकडे येत्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी चढवायचे आहेत. घार यायला तयार आहे, एका अटीवर. ओरडायचं नाही, शिट्टी नाही. बेकरीच्या गाडीचा जुना भोंगा आहे, अगदी जाड आवाजाचा, म्हशीसारखा. एक लांब भों म्हणजे ओढा, दोन तुटक म्हणजे सोडा. भोंगा माझ्या हातात राहील. नकाशा क्रमांक बावीस तयार झाला आहे आणि त्यात मी वर्तुळ नाही, त्रिकोण आहे. त्याखाली लिहिलंय, 'इशारा'. बढती झाली म्हणायची.

पत्र फार लांबलं. जाऊबाईंचा हात आता कसा आहे ते कळवा. त्यांनी जे जे सोसलं त्याबद्दल इकडच्या वतीने मी माफी मागते, आणि कोपर आखडलं असेल तर सैल बाह्यांचे दोन कपडे शिवून पाठवते, माप मला आठवतंय. नमस्कार आणि आशीर्वाद वर दिलेच आहेत.

तुमची वहिनी

ता. क. दातांच्या डॉक्टरांनी काल आपण होऊन सांगितलं की आकडा राहू द्या, आता काढलात तर कठडाच येईल.

ता. क. (दुसरा आणि खरा) यंत्राबद्दल तुमच्या बंधूंचा शेवटचा मुद्दा असा की, 'धाकटा माझ्याहून दोनच वर्षांनी लहान, त्याला सगळं लख्ख ऐकू येतं. आमच्या रक्तात हे नाही.' आणि भावजी, जाऊबाईंनी पत्राच्या समासात बारीक अक्षरात लिहिलंय की तुमचं यंत्र दीड वर्ष झालं, मोज्यांच्या खणात पडून आहे. लावलं तर लोक म्हातारा म्हणतील म्हणून! म्हणजे कानांविषयी वर मी जे पानभर समजावलं ते तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे, आणि जानेवारीत त्या तारेच्या दोन्ही टोकांना दोघे बहिरे बसले होते. तर माझी मागणी एवढीच. दोरी ओढायला माणसं आहेत. तुम्ही पहिल्या शनिवारी या, आणि यंत्र कानात घालून या. टोपी घालू नका. त्यांना दिसू द्या.

ता. क. (हे माझ्या अक्षरात) धाकट्या, डिंक माझ्या टेबलावर असतो म्हणून हिने पाकीट चिकटवायला मला दिलं. वाचायला दिलं नव्हतं. दोन दुरुस्त्या. तारेची लांबी सहासष्ट फूट नसून वीस मीटर अठ्ठावीस सेंटिमीटर आहे. आणि हिचं वर्तुळ चुकून अडथळ्यांच्या यादीत गेलं होतं, ते मी तेव्हाच खोडणार होतो. बाकी सगळं बरोबर आहे. मला खरंच 'हट्ट' ऐकू आलं. कोणता हात? उजवा असेल तर तिने एवढं पत्र कसं लिहिलं? अजून दुखतो का? फोन करू नकोस, मला नीट ऐकू येत नाही. लिहून कळव.